मथळा आणि मोठे अक्षर

लघुप्रबंध सादर करण्याचा दुसऱ्या दिवशी शेवटचा दिवस होता, आणि रात्री साडेनऊ वाजता मी महाविद्यालयासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका मोडक्या स्टुलावर बसलो होतो. ८४ पृष्ठे, ५ प्रकरणे, ४ प्रती. दुपारीच मार्गदर्शक सरांनी दुसऱ्या प्रकरणात दीड पानाचा मजकूर वाढवायला सांगितला होता. तो मी वाढवला, घाईघाईने शुद्धलेखन पाहिले आणि छपाईला हिरवा कंदील दाखवला. काळे बाईंडिंग, त्यावर सोनेरी अक्षरे. प्रत हातात आली तेव्हा आपण काहीतरी मोठे काम केले असे मला खचित वाटले.

पंधरा दिवसांनी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रथम अनुक्रमणिका उघडली. ‘प्रकरण चौथे’ या ओळीवर बोट ठेवले. ओळीच्या शेवटी टिंबांची लांबलचक रांग आणि तिच्या टोकाला ५४ हा आकडा. त्यांनी ५४वे पान उलगडले. तिथे तिसऱ्या प्रकरणाचा समारोप चालू होता. त्यांनी दोन पाने पुढे उलटली, चौथे प्रकरण सापडले. मग पाचवे पाहिले. तेही दोन पाने पुढे. रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी मृदू आवाजात विचारले, “हा प्रबंध आपणच लिहिला आहे ना?”

त्या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. प्रबंध मीच लिहिला होता. प्रत्येक कथा मी दोनदोनदा वाचली होती. पण ज्याला आपल्याच घरातली खोली कुठे आहे हे सांगता येत नाही, त्याच्या मालकीविषयी पाहुण्याला शंका आली तर दोष पाहुण्याचा कसा? वाचकहो, त्या शंकेने मला एका क्षुल्लक वाटणाऱ्या विषयाकडे वळवले. संगणकावर लिहिताना आपण मथळे कसे देतो आणि अनुक्रमणिका कशी करतो, हा तो विषय. हा विषय टंकलेखकाचा आहे, साहित्याच्या विद्यार्थ्याचा नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती समजूत चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत झाले आहे, आणि तेच मला येथे मांडायचे आहे.

प्रथम माझी चूक नेमकी काय होती ते सांगतो, कारण ती माझ्या एकट्याची नाही. गेल्या वर्षभरात मी मित्रमैत्रिणींचे निदान दहाबारा प्रकल्प पाहिले. एखाददुसरा सोडला तर सर्वांनी तेच केले होते. प्रकरणाचे नाव लिहायचे, ते निवडून ठळक करायचे, आकार १२चा १८ करायचा आणि ओळ मध्यभागी आणायची. झाला मथळा! मग सर्व लेखन संपल्यावर पहिल्या पानांत जागा करून तीच नावे पुन्हा हाताने लिहायची, बोट दुखेपर्यंत टिंबे द्यायची आणि पृष्ठक्रमांक पाहून पाहून टाकायचे. मागाहून एक परिच्छेद वाढला की ते सारे आकडे खोटे ठरतात. पण टिंबांची रांग मात्र पूर्वीइतक्याच ऐटीत उभी असते.

वास्तविक पाहता ‘वर्ड’सारख्या प्रणालीत मथळा देण्याची वेगळी सोय आहे. वरच्या पट्टीत ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’, ‘हेडिंग ३’ अशा शैली मांडलेल्या असतात. अशा नऊ पातळ्या आहेत. प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून ‘हेडिंग १’ निवडायचे, किंवा कंट्रोल आणि आल्ट या कळा धरून १ दाबायचा. प्रकरणातल्या उपशीर्षकाला ‘हेडिंग २’, त्याच्या पोटातल्या मुद्द्याला ‘हेडिंग ३’. असे केल्यावर अक्षर मोठे होते खरे, पण ते मोठे होणे दुय्यम आहे. मुख्य गोष्ट ही की त्या ओळीवर आता एक खूण बसली आहे: ही ओळ मथळा आहे आणि तिची पातळी अमुक आहे. मी जे करत होतो त्यात ही खूण नव्हती. माझ्या डोळ्यांना तो मथळा दिसत होता. संगणकाच्या लेखी तो इतरांसारखाच एक परिच्छेद होता, फक्त जाड अक्षरांतला. फेटा बांधला म्हणून लग्नातला प्रत्येक जण नवरदेव होत नाही, तसेच हे.

एकदा खुणा बसल्या की अनुक्रमणिका लिहावी लागत नाही, मागावी लागते. ‘रेफरन्सेस’ या विभागात ‘टेबल ऑफ कन्टेन्ट्स’ निवडले की प्रणाली सारे मथळे गोळा करते, पातळीप्रमाणे आत सरकवते आणि पृष्ठक्रमांक घालते. नेहमीच्या मांडणीत पहिल्या तीन पातळ्या येतात. आपल्याला दोनच हव्या असतील तर तसे सांगता येते. मजकूर वाढला, घटला, प्रकरणांची अदलाबदल झाली, तर अनुक्रमणिकेवर कर्सर ठेवून ‘एफ ९’ ही कळ दाबायची. मग प्रणाली विचारते: फक्त पृष्ठक्रमांक ताजे करू की सगळी अनुक्रमणिका? एखाद्या मथळ्याचा शब्द जरी बदलला असेल तरी दुसरे उत्तर द्यावे. त्या रात्री मला ही कळ ठाऊक असती, तर परीक्षकांचा चष्मा नाकावरच राहिला असता.

या सोयीचे काही रुसवेफुगवेही आहेत. ते न सांगता नुसती स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. अनुक्रमणिकेतच जाऊन एखादा शब्द दुरुस्त केला, तर पुढच्या वेळी ती ताजी करताना ती दुरुस्ती पुसली जाते. दुरुस्ती मूळ मथळ्यात करायची; अनुक्रमणिका हे त्याचे प्रतिबिंब आहे, आणि आरसा पुसून चेहऱ्यावरचा डाग जात नाही. अनुक्रमणिकेचे रूप पसंत नसेल तर तिच्या ओळींसाठीही स्वतंत्र शैली असतात, त्या बदलाव्या. लांब मथळ्याची ओळ मधेच तोडण्यासाठी शिफ्ट धरून एंटर मारले, तर ती तोड अनुक्रमणिकेतही उमटते. आणि चुकून अख्ख्या परिच्छेदाला मथळ्याची शैली लागली, तर अख्खा परिच्छेद अनुक्रमणिकेत जाऊन बसतो. एका मैत्रिणीच्या प्रकल्पात आईवडिलांचे, गुरुजनांचे आणि ग्रंथपालांचे आभार असे सगळेच्या सगळे अनुक्रमणिकेत आले होते. आम्ही खूप हसलो. पण संगणकाने चूक केली नव्हती. त्याला जे सांगितले ते त्याने ऐकले होते.

मजकुराची रचना निराळी आणि तिचा पोशाख निराळा, ही कल्पना काही आजची नाही. डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन संशोधकाने डिसेंबर १९६८मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जे प्रसिद्ध प्रात्यक्षिक केले, त्यात मुद्दे आणि पोटमुद्दे पडद्यावर उघडून मिटून दाखवले होते. १९८० साली ब्रायन रीड यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘स्क्राइब’ या प्रणालीवर प्रबंध लिहिला. तिच्यात लेखकाने ‘हे प्रकरण’, ‘हे अवतरण’ एवढेच सांगायचे, दिसण्याचे काम यंत्राने करायचे. लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘लाटेक’ ही प्रणाली त्याच दशकातली. गणिताचे लोक आजही तीच वापरतात. तिच्यात अनुक्रमणिकेसाठी मजकूर दोनदा फिरवावा लागतो. पहिल्या फेरीत कोणता मथळा कोणत्या पानावर पडला हे ती टिपून ठेवते, दुसऱ्या फेरीत ते छापते. १९८३ साली ‘वर्ड’ प्रथम आले तेव्हाही त्यात शैलींची सोय होती. म्हणजे सोय येऊन चाळीस वर्षे उलटली. आपण मात्र अजून टिंबे मोजतो आहोत.

हे सारे परदेशी शास्त्र आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. त्याला माझे उत्तर आहे की संबंध आपलाच जुना आहे. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या ७७च्या सुमारास आपल्या ३७ भागांच्या सृष्टिविषयक ग्रंथाचा पहिला भाग संपूर्णपणे विषयसूचीला दिला, म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते व्हावेच. पण ऋग्वेदातल्या प्रत्येक सूक्ताचे आद्य शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद नोंदवणारी ‘सर्वानुक्रमणी’ आपल्या परंपरेत कात्यायनाच्या नावावर आहे. महाभारताचा आरंभच अनुक्रमणिका पर्वाने होतो, आणि त्याला लागून येणाऱ्या पर्वसंग्रह पर्वात कोणत्या पर्वात किती अध्याय आणि किती श्लोक याचा हिशेब दिलेला आहे. एवढा अफाट ग्रंथ सांगणाऱ्यांना आत कुठे काय आहे हे सांगण्याची निकड वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आणि आपला ‘दासबोध’! २० दशक, प्रत्येक दशकात १० समास, एकूण २०० समास. प्रत्येक समासाला नाव आहे आणि ते नाव आत काय आहे ते नेमके सांगते. ग्रंथात कोणकोणते विषय आहेत याचे निवेदन समर्थांनी पहिल्याच समासात केले आहे. आता गंमत पाहा. ‘पढतमूर्ख’ कोणाला म्हणावे हे मला पाहायचे असेल, तर दुसऱ्या दशकाचा दहावा समास उघडला की पुरे. प्रत मठातली हस्तलिखित असो, आजोबांची जीर्ण पोथी असो की मोबाइलच्या पडद्यावरची असो, पत्ता तोच. पृष्ठक्रमांक हा त्या त्या प्रतीचा गुण आहे. दशक आणि समास हा ग्रंथाचा गुण आहे. पान हे भाड्याचे घर, आज इथे तर उद्या तिथे. मथळा हे मजकुराचे खरे नावगाव. संगणकावरची मथळ्याची शैली दुसरे काय करते? ती आपल्याला दशक आणि समास यांचीच सोय करून देते. मला आज परीक्षकांनी विचारले, तर मी म्हणेन की माझ्या लघुप्रबंधात पृष्ठक्रमांकांची चूक होती हे खरे, पण मूळ चूक त्याच्या अलीकडची होती. मी पाने मोजली आणि समास पाडलेच नाहीत.

मग एवढी चांगली परंपरा असताना आपला हात असा का वळला? याची दोन कारणे मला दिसतात. पहिले कारण म्हणजे टंकलेखन यंत्र. त्या यंत्रावर अक्षर एकाच आकाराचे. मथळा द्यायचा तर अक्षरे मोजून, मोकळी जागा सोडून तो मध्यावर आणायचा आणि खाली रेघ मारायची. यंत्राला मथळा म्हणजे काय हे कळणे शक्यच नव्हते. म्हणून पोशाख हाच मथळा झाला. यंत्रे अडगळीत गेली, पण ती शिकवण संगणकाच्या कळफलकावर येऊन बसली. आजही स्पेसबार दाबून दाबून मथळा मध्यावर आणणारे लोक मी पाहतो.

दुसरे कारण खास मराठीचे आहे, आणि ते कोणी फारसे बोलत नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. २००० साली आलेल्या ‘विंडोज २०००’मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फाँटही होता. परंतु आपल्याकडचा छपाईचा व्यवहार त्यानंतरही पुष्कळ काळ जुन्या फाँटांवर चालला, आणि काही ठिकाणी अजून चालतो. या जुन्या फाँटांत संगणकाच्या समजुतीप्रमाणे आपण रोमन अक्षरेच लिहीत असतो. फाँट त्या अक्षरांना देवनागरीचे मुखवटे चढवतो. मुखवटा काढला की खाली रोमन अक्षरांचा अर्थहीन काला. आता अशा मजकुराला ‘हेडिंग १’ लावून पाहा. त्या शैलीचा स्वतःचा फाँट वेगळा. तो लागताक्षणी ‘प्रस्तावना’ या शब्दाची जागा रोमन चिन्हांच्या गिचमिडीने घेतली! शैलीतला फाँट बदलून मथळा वाचवला, तरी अनुक्रमणिकेच्या ओळींची शैली आणखी निराळी; तिथे पुन्हा तोच काला. दुकानातल्या काकांनी एकदा हा अनुभव घेतला की ते जन्मभराचा धडा शिकतात, “त्या स्टाइलला हात लावू नका, सगळं बिघडतं.” काकांना मी दोष देत नाही. त्यांच्या अनुभवापुरते ते बरोबरच होते. पण फाँट बदलला आणि काळही बदलला, तरी त्यांची ताकीद तशीच राहिली. आणि आम्ही विद्यार्थ्यांनी ती वेदवाक्यासारखी मानली.

युनिकोडमध्ये हा काला होत नाही. एक बारीकशी अडचण मात्र उरते, तीही सांगून टाकतो, म्हणजे कोणाची रात्र वाचेल. ‘वर्ड’मध्ये शैलीचा फाँट आणि आकार ठरवताना रोमन लिपीसाठी एक खाना असतो आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा, त्याला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ म्हणतात. आपण पहिल्या खान्यात आकार १८ करतो आणि मराठी मथळा ढिम्म हलत नाही. मग आपण शैलीला शिव्या देतो आणि पुन्हा हाताने ठळक करू लागतो. दुसऱ्या खान्यात बदल केला की काम होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशा कारणासाठी एवढा लांब लेख? चार आकडे चुकले तर परीक्षक शहाणे असतात, दोन पाने उलटून पाहतात. मलाही असेच वाटले असते. पण त्यानंतर जी गोष्ट घडली, तिने मला हा लेख लिहायला बसवले.

माझा एक वर्गमित्र जन्मतः दृष्टिहीन आहे. तो संगणकावर ऐकून वाचतो. त्यासाठी ‘एनव्हीडीए’ नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे; मायकेल करन या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तिचा आरंभ केला आणि पुढे जेम्स टेह त्याच्या जोडीला आला. ते दोघेही दृष्टिहीन आहेत. पडद्यावरचा मजकूर ही प्रणाली बोलून दाखवते. दुसऱ्या सत्राच्या परीक्षेआधी मी मोठ्या प्रेमाने माझी सर्व टिपणे टंकित करून त्याला पाठवली होती. ४२ पाने, चार घटक, सारे मथळे ठळक आणि मोठे. निकालानंतर एकदा कट्ट्यावर बसलो असता तो सहज म्हणाला,

“तुझी टिपणं छान होती रे, पण त्यात मथळेच नव्हते.”

मी म्हणालो, “नव्हते कसे? चांगले जाड अक्षरात दिले होते की!”

तो हसला. म्हणाला, “जाड अक्षर कानाला कसं ऐकू येतं?”

मला उत्तर सुचले नाही. त्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर गेलो आणि त्याच्या शेजारी बसून माझीच टिपणे ऐकली. तो यांत्रिक आवाज एका सुरात वाचत होता. आधीच्या मुद्द्याचे शेवटचे वाक्य संपले, ‘ग्रामीण कथा : स्वरूप आणि वाटचाल’ हे शब्द आले, आणि पुढचे वाक्य सुरू झाले. कुठे थांबा नाही, सूचना नाही. डोळ्यांनी पाहणारा माणूस ४२ पाने अर्ध्या मिनिटात चाळतो आणि जाड अक्षरांवर नजर अडकवून हवी ती जागा गाठतो. माझ्या मित्राला तिसरा घटक हवा असेल, तर पहिल्या पानापासून ऐकत यावे लागत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने तसा प्रयत्न केला, मग कंटाळून तो घटक सोडून दिला. दुसऱ्या दिवशी त्याच घटकावर १५ गुणांचा प्रश्न आला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितले नाही. मी खोदून विचारले तेव्हा सांगितले.

तिथेच बसून मी ती टिपणे पुन्हा उघडली आणि प्रत्येक मथळ्याला त्याची शैली लावली. वीस मिनिटे लागली असतील. मग त्याने आपल्या प्रणालीची वाचनाची पद्धत सुरू केली आणि ‘एच’ ही कळ दाबली. आवाज पहिल्या मथळ्यावर गेला आणि त्याची पातळीही बोलला. पुन्हा ‘एच’, दुसरा मथळा. शिफ्ट धरून ‘एच’, मागचा मथळा. १ची कळ दाबली की फक्त घटकांची नावे, २ची दाबली की त्यांच्या पोटातले मुद्दे. दहा सेकंदांत तो तिसऱ्या घटकावर पोचला. म्हणाला, “आता चाळता येतंय.”

पुस्तक चाळणे ही आपल्याला किती साधी गोष्ट वाटते! ग्रंथालयात उभ्या उभ्या आपण पुस्तक चाळतो आणि घ्यायचे की नाही ते ठरवतो. हा साधा अधिकार माझ्या मित्राला माझ्याच टिपणांत नव्हता, आणि तो मी दुष्टपणाने नव्हे तर वीस मिनिटांच्या अज्ञानाने हिरावला होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आपल्या देशात २०१६ साली झाला. उतारासाठी रॅम्प असावा, लिफ्ट असावी, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण मथळ्याची शैली हाही एक रॅम्प आहे, आणि तो बांधायला निधी लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. विभागातून येणारी परिपत्रके आणि टिपणे आधी छापून, मग त्यांची छायाचित्रे काढून फाइल म्हणून पाठवण्याची जी रीत पडली आहे, तिच्यात तर मथळ्यांसकट सारी अक्षरेच चित्र होऊन जातात. मूळ फाइलच थेट पाठवली, किंवा मथळ्यांच्या खुणांसह तिची पीडीएफ केली, तर हा अन्याय टळतो.

आता यावरच्या आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की ‘हेडिंग’ लावले की अक्षरे निळी होतात आणि विद्यापीठाला काळी हवी असतात. खरे आहे. पण शैलीचे रूप एकदा बदलून ठेवले की सर्व मथळे एकदम काळे होतात. निळ्या रंगाला भिऊन खूणच टाकून देणे म्हणजे कपड्याचा रंग आवडला नाही म्हणून लेकराला घराबाहेर काढण्यासारखे आहे. दुसरा आक्षेप असा की आमच्याकडे हे महागडे सॉफ्टवेअर नाही. ‘लिबरऑफिस’ ही प्रणाली २०१०पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिच्यात ही सर्व सोय आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्याच विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी घेतला. ते म्हणाले, “यंत्राने अनुक्रमणिका करून दिली की विद्यार्थी विचार करणं सोडून देतील.” सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मला वेगळे म्हणायचे आहे. अनुक्रमणिका यंत्र करत नाही. ते फक्त गोळा करते. कोणता मुद्दा कशाच्या पोटात जातो, हे माणसालाच ठरवावे लागते. उलट हाताने ठळक करताना हा प्रश्न माझ्यासमोर कधी आलाच नव्हता. १६ आकार दिला की १४, हे मी डोळ्यांना बरे दिसेल तसे करत होतो. शैली लावताना मात्र प्रत्येक ओळीपाशी थांबावे लागले: हे प्रकरण की उपप्रकरण? मागच्या मुद्द्याचा भाऊ की मुलगा?

मी माझ्या सादर होऊन गेलेल्या लघुप्रबंधावर हा प्रयोग करून पाहिला. सर्व मथळ्यांना शैली लावल्या आणि ‘व्ह्यू’मधून ‘नॅव्हिगेशन पेन’ उघडले. त्यात डाव्या बाजूला नुसते मथळे उतरंडीने दिसतात. ते पाहून मला घाम फुटला. तिसऱ्या प्रकरणात एका मुद्द्याच्या पोटात एकच उपशीर्षक होते. वाटणी करायची आणि वाटा एकच, ही कसली वाटणी? चौथ्या प्रकरणातला एक मुद्दा दुसऱ्यात आधीच येऊन गेला होता, फक्त नाव बदलून. आणि पाचही प्रकरणांत ‘प्रास्ताविक’, ‘आशय’, ‘अभिव्यक्ती’, ‘समारोप’ हेच मथळे. कोणत्या लेखकाविषयी मी काय म्हणतो आहे, याचा त्यात पत्ताच नाही. हीच अनुक्रमणिका दुसऱ्या कोणत्याही लेखकावरच्या प्रबंधाला चिकटवली असती तरी चालली असती. आकडे सगळे बरोबर, आणि माहिती शून्य! ८४ पाने वाचून जे दोष माझ्या लक्षात आले नव्हते, ते एका पानाच्या उतरंडीने दाखवले. परीक्षकांनी विचारलेला प्रश्न मी तोवर पृष्ठक्रमांकांविषयी आहे असे समजत होतो. त्या दिवशी तो प्रश्न मला पूर्ण कळला.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे की मथळा हा अलंकार नव्हे, तो निर्णय आहे. तो निर्णय आपण घेतला नाही, तर मोठ्या अक्षराने तो झाकता येतो, आणि आपण आजवर तेच करत आलो. शैली लावण्याची शिस्त ती झाकपाक काढून घेते.

यावर उपाय मोठा नाही. लघुप्रबंधाला विषय मंजूर होतो त्याच आठवड्यात विभागाने एक तास संगणककक्षात घ्यावा आणि तिथे मथळे, त्यांच्या पातळ्या आणि अनुक्रमणिका एवढेच शिकवावे. मार्गदर्शकांनी पहिल्या भेटीत लेखन न मागता नुसत्या मथळ्यांची उतरंड मागावी. ती उभी राहिली तर लेखनही उभे राहील. नवी वाट सुचली की मजकूर कापून चिकटवत बसायचे कारण नाही, त्या पट्टीतला मथळा ओढून दुसरीकडे नेला की त्याच्या पोटातला सारा मजकूर त्याच्याबरोबर जातो. प्राध्यापकांनी आपल्या टिपणांना शैली लावून ती द्यावीत. आणि आपण विद्यार्थ्यांनी एकमेकांना पाठवण्याआधी वीस मिनिटे खर्चावीत.

यंदा माझ्या मित्राचा लघुप्रबंध आहे. परवा त्याने मला त्याची फाइल पाहायला दिली. प्रत्येक मथळ्यावर खूण होती, पातळी एकही चुकलेली नव्हती, अनुक्रमणिका ताजी होती. मी ती डोळ्यांनी तपासू लागलो. तो म्हणाला, “डोळे मिटून ऐक, लवकर होईल.” मी ऐकले. दुसऱ्या प्रकरणात एक मुद्दा जागेवर नव्हता, तो आम्ही दोघांनी बसून तिसऱ्यात हलवला आणि ‘एफ ९’ दाबले.